पुढे २५, मागे ३५

मंडळी, ‘पुढे २५, मागे ३५’ हा आपला राष्ट्रीय आकडा आहे. कोणत्याही पेट्रोल पंपावर जा. हवेच्या मशीनपाशी स्टुलावर बसलेला पोरगा गाडी कुठली ते बघत नाही, मागे कोण बसलंय ते बघत नाही, गाडी आत्ता घरून निघालीय की चाळीस किलोमीटर पळून आलीय हे तर विचारतच नाही. नळी लावतो, बटण दाबतो, टुंग असा आवाज आला की झालं. शंभर सीसीची गाडी असो की माझी म्हातारी बुलेट असो, सगळ्यांना एकच प्रसाद. आपण तरी काय करतो? मोबाइल बघत उभे असतो, आणि जाताना हातावर पाच रुपये ठेवतो. (पंपावर हवा फुकट असते, तो आपला हक्क आहे. पण असो, पाच रुपयांनी कोणी गरीब होत नाही.)

त्या पोराशी माझं भांडण नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही. माझं भांडण आहे ते तुमच्याशी. म्हणजे लाख-दीड लाखाची गाडी घेणारे, दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालणारे, दर रविवारी तिच्या टाकीत स्वतःचं तोंड दिसेपर्यंत फडकं मारणारे, आणि टायरात हवा किती म्हटलं की ‘नॉर्मल आहे’ असं उत्तर देणारे! नॉर्मल म्हणजे किती? तर लाथ मारून बघितली, कडक लागली. आमच्या घराण्यातले निम्मे पुरुष यात येतात, आणि ते हे वाचणार आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहितोय.

मी इंजिनियर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, भूगोल आणि मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. पण चाळीस वर्षांच्या वर मोटरसायकल चालवली, सातारा जिल्ह्यातले सगळे घाट पालथे घातले, आणि भागाकार येतो. या विषयाला भागाकारापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता बघा. गाडीच्या पुस्तकात मागच्या चाकाला २८ लिहिलेलं असतं. हे २८ म्हणजे पाउंड, दर चौरस इंचाला. आपल्या मापात साधारण २ किलो, दर चौरस सेंटिमीटरला. समजा शंभर सीसीची गाडी आहे, वजन ११० किलोच्या आसपास. वर मी, ६५ किलोचा. यातलं मागच्या चाकावर ११० किलोच्या आगेमागे येतं. ११० ला २ ने भागा. ५५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पत्त्यातलं एक पान. मागचा टायर रस्त्याला टेकतो तो तेवढाच. गाडी, मी, आणि दप्तर, मागच्या बाजूने सगळं त्या एका पानावर उभं. (टायरच्या कडाही थोडं वजन पेलतात, म्हणून हा हिशेब काटेकोर नाही. पण समजायला पुरे.)

आता मागे सौ. बसल्या. त्यांचं वजन लिहिलं तर रात्री जेवायला मिळणार नाही, म्हणून ६० किलोची कोणीतरी बाई धरा. मागे बसलेल्या माणसाचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर जातं. ११० चे १६५ झाले. हवा तीच २८ ठेवली तर ते पान फुगून ८२ चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे टायर बसला, पोट सुटल्यासारखा. मधोमध चालायच्या ऐवजी कडांवर चालायला लागला, आणि प्रत्येक फेऱ्यात दुमडायला लागला. म्हणूनच स्प्लेंडरसारख्या गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी मागे २८ आणि डबलसीटला थेट ४० च्या घरात आकडा आहे. १६५ ला त्या नव्या आकड्याने भागून बघा, पुन्हा पत्त्याचं पान येतं. कंपनीच्या लोकांनी हवेत आकडे फेकलेले नाहीत.

आणि पल्सर १५० ला बघा. एकट्याला मागे २८ च, पण डबलसीटला ३२. का? टायर रुंद आहे, गाडी वजनदार आहे, त्यामुळे मागे माणूस बसला तरी टायरला तो तितका जाणवत नाही. अॅक्टिव्हाला पुढे २२, मागे २९, डबलसीटला ३६. छोटं चाक, आणि इंजिन सगळं मागच्या चाकापाशी. उलट यामाहाच्या आर-वनसारखी रेसची पैदास घ्या. तिला पुढे ३६ आणि मागे ४२, कारण ती ज्या वेगाने जाते आणि ज्या जोराने ब्रेक लावते त्यात टायरचा आकार टिकला पाहिजे. प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळा, आणि आपण सगळ्यांना २५-३५! वर्गातल्या साठ मुलांना एकाच मापाचा गणवेश शिवून द्यावा तसं आहे हे.

आता त्या दुसऱ्या महान सिद्धांताकडे येतो. ‘उन्हाळ्यात हवा कमी भरावी, नाहीतर टायर फुटतो.’ हा सिद्धांत मी ट्रकवाल्यांकडून ऐकला, पंक्चरवाल्यांकडून ऐकला, एका सायन्सच्या शिक्षकाकडूनही स्टाफरूममध्ये ऐकला. ऐकायला किती पटतो नाही? हवा तापते, प्रसरण पावते, मग जागा ठेवायला नको का? जणू दुधाचं पातेलंच.

हवा तापल्यावर दाब वाढतो हे खरंच आहे. पण किती, ते कोणी मोजलं? आपल्या दुचाकीच्या टायरात दहा अंश तापमान वाढलं की साधारण दीड पाउंड वाढतो. मे महिन्यात साताऱ्यात सकाळी २५ अंश आहेत, तुम्ही २८ भरले, आणि दुपारी हायवेवर टायरातली हवा ५० अंशांवर गेली. तर काट्यावर साडेएकतीसच्या आसपास दिसेल. बस्स, एवढंच. आणि हे साडेएकतीस होणार हे पुस्तक छापणाऱ्याला माहीत होतं. त्याने २८ लिहिलं ते थंड टायरासाठी, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना, सावलीत. पुढची वाढ त्याने धरलेलीच आहे.

आता आपला शहाणा माणूस दुपारी पंपावर जातो. काटा साडेएकतीस दाखवतो. ‘अरे बापरे, जास्त झाली!’ म्हणून फुस्स करून २८ वर आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टायरात किती राहते? पंचवीसही धड नाही. आता टायर जास्त दुमडतो. दुमडला की तापतो, तार वाकवून वाकवून तोडताना ती जशी गरम लागते तसा. तापला की काट्यावर पुन्हा आकडा वाढलेला दिसतो. मग माणूस पुन्हा हवा सोडतो! उन्हाळ्यात टायर फुटतात हे खरं आहे हो. पण त्यातले बरेचसे हवा जास्त झाल्याने नाही, कमी असल्याने फुटतात. रोगाचंच औषध म्हणून रोज डोस चाललाय.

हे मी थट्टेने लिहितोय, पण थट्टेचा विषय नाही. माझा एक विद्यार्थी होता. नाव लिहीत नाही. २०११ च्या मे महिन्यात बायकोला आणि दीड वर्षाच्या मुलीला घेऊन वाईहून लग्न आटपून येत होता. तारांची चाकं असलेली गाडी, आत ट्यूब. दोन दिवस आधी एका पंपावर ‘उन्हाळा आहे’ म्हणून मागची हवा उतरवून दिली होती. तीन माणसं, वर आहेराच्या पिशव्या. उतारावर ब्रेक लावला आणि मागचं चाक अचानक बसलं. पोर वाचलं, आईने पोटाशी धरलं होतं. आईचं माकडहाड आणि खुबा गेला. ती आजही पाय ओढत चालते, भाजी मंडईत भेटते, ‘सर’ म्हणून थांबते, आणि मला खाली बघावंसं वाटतं.

टायर फुटला नव्हताच. पंक्चरवाल्याने खोलून दाखवलं तेव्हा मी तिथे होतो. टायर धड होता. ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटला होता. हे कसं होतं ते नीट वाचा. टायर रिमला घट्ट धरून बसतो तो आतल्या हवेच्या जोरावर. हवा कमी असली आणि वजन जास्त असलं की ब्रेक लावताना रिम थांबते पण टायर किंचित पुढे सरकतो. ट्यूब टायरला चिकटलेली, ती त्याच्याबरोबर सरकते. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. मग व्हॉल्व्ह तिरका होतो, आणि एक दिवस मानेतून फाटतो. ट्यूबमधली हवा क्षणात जाते. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, घरी पोहोचायला वेळ मिळतो. ट्यूबला ती दया नाही. तुमच्या गाडीचा व्हॉल्व्ह रिमला काटकोनात उभा आहे की वाकलाय, हे आज बघा. पाच सेकंद लागतात.

कागदोपत्री काय लिहिलं गेलं? ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने.’ नातेवाइकांत काय म्हटलं गेलं? नशीब. कोणीतरी नजर लागली असंही म्हणालं. हवेचं नाव कुठेच नाही. आणि त्या पंपावर दुसऱ्या दिवशीही तसंच चालू होतं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. यांना अॅव्हरेजचा आजार असतो. ‘पुढे ४०, मागे ४५ ठेवा, लिटरला पाच किलोमीटर जास्त मिळतात.’ कडक टायर थोडा हलका पळतो हे खरं, पण त्याची किंमत काय ते बघा. पत्त्याचं पान आणखी लहान होतं. वळणावर वाळू आली, की आपल्याकडे येतेच, तर पुढचं चाक कधी सरकलं ते कळत नाही. प्रत्येक खड्डा थेट मनगटात आणि मणक्यात. टायर मधोमध झिजून सपाट होतो, कडेची नक्षी नवीकोरी. मग वर्षभर आधी टायर बदलतात आणि वाचवलेल्या पेट्रोलचा हिशेब सांगतात!

यांचाच एक पुरावा असतो. टायरच्या कडेवर ‘मॅक्स’ म्हणून एक आकडा कोरलेला असतो तो. अहो, तो टायरची सहनशक्ती सांगतो. जिन्याखाली माझ्याकडे धान्याची कोठी आहे, तिच्यावर १०० किलो लिहिलंय, म्हणून मी दर महिन्याला १०० किलो ज्वारी आणतो का? टायर बनवणाऱ्याला तो कुठल्या गाडीवर चढणार हेच माहीत नसतं. तुमचा आकडा गाडीवाल्याने दिलेला असतो, चेनकव्हरवर नाहीतर स्विंगआर्मवर चिकटवलेला. आपण गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात त्यावर मुलाचं नाव नाहीतर वाघाचं चित्र चिकटवतो.

पावसाळ्याचंही तसंच. ओल्या डांबरावर हवा कमी केली की पकड वाढते, असं सांगणारे भेटतात. चिखलात, वाळूत, शेताच्या बांधावर ते खरं आहे, तिथे मीही उतरवतो. डांबरावर नाही. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात, आणि हवा कमी झाली की त्या खाचा मिटतात. दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला चाक पाण्यावर तरंगायला लागतं. हे विमानांच्या चाकांवर तपासून अमेरिकेत नासाने सूत्रच बसवलंय.

नायट्रोजनबद्दल दोनच ओळी. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट आहे. पैसे देऊन भरलेला कोरडा असतो आणि किंचित सावकाश झिरपतो, हा फायदा आहे. पण तापल्यावर त्याचा दाब वाढत नाही हे खोटं, तोही तितकाच वाढतो. हिरवं टोपण लावलं म्हणून सहा महिने बघायचंच नाही, असं करणाऱ्यांनी ते टोपण स्वतःच्या डोक्यावर घालावं.

आता जुन्या गाड्या. इथे मात्र गाठ वेगळ्या लोकांशी आहे. यांच्यात आमचा पुतण्या पहिला. त्याने वडिलांची, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंची बुलेट गोठ्यातून काढून नवीकोरी केली. काम उत्तम केलं, टाकीवरची सोनेरी रेघ हाताने ओढून घेतली, बंधू असते तर रडले असते. पण मागे जरा जाड, नव्या बांधणीचा टायर बसवला आणि हवा मात्र जुन्या पुस्तकाप्रमाणे. ‘काका, कंपनीनेच लिहिलंय.’

माझ्याही बुलेटच्या पुस्तकात तेच आहे. पुढे १.२५, मागे २ किलो, म्हणजे १८ आणि २८. पुढे १८ बघून आजचा पंपवाला पोरगा हसतो, ‘काका, पंक्चर आहे का?’ नाही रे बाबा. ३.२५-१९ चा उंच टायर, पुढचं शॉकअॅब्सॉर्बर जेमतेम, ड्रम ब्रेक, वेग पन्नास-साठ. तेव्हाचे रस्ते आठवा. टायरची उंच भिंतच निम्मं स्प्रिंगचं काम करायची. त्या टायरात ३५ भरले तर गाडी बैलगाडीसारखी हादरते आणि खडी लागली की पुढचं चाक नाचतं. तेव्हा जुन्या गाडीला जुनाच टायर त्याच मापाचा असेल तर जुनं पुस्तक खरं. (मी स्वतः पुढे २० ठेवतो. हल्लीच्या खड्ड्यांत १८ वर रिम मार खाते.)

पण पुतण्याच्या गाडीवर तो टायर आहे कुठे? माप बदललं, आतल्या धाग्यांची बांधणी बदलली, तर तो आकडा कोणासाठी छापला होता? पुस्तक न वाचणारा आणि पुस्तकाची पूजा करणारा, दोघांनीही पुस्तक समजून घेतलेलं नसतं, हे मी वर्गात आयुष्यभर पाहिलं. टायर बदलला की टायर कंपनीला विचारायचं, या मापाला, या वजनाच्या गाडीला किती. बहुतेक वेळा उत्तर जुन्या पुस्तकापेक्षा चार-पाच पाउंड जास्त येतं. त्याच रॉयल एन्फिल्डने २०२० साली मीटिओर काढली, तिच्या पुढच्या ट्यूबलेस टायरला ३२ सांगितलेत. १८ आणि ३२! नाव एक, इंजिन दोघांचंही साडेतीनशेचं. पुतण्याने महिनाभर वाद घातला, मग दोन-दोन पाउंडांनी वाढवत गेला. आता मागे ३० वर गाडी ताम्हिणीत सरळ चालते म्हणतो. सुरुवातीला शेपूट हलवायची, ती खोड तो टायरची समजत होता.

आणखी एक. जुन्या गाडीवाल्यांनी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २००० सालापासून पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. एका हौशी गृहस्थांच्या चकाचक जावावर मी ‘२३०६’ वाचलं. २००६ च्या जूनमधला टायर! नक्षी शाबूत, कारण गाडी फक्त मिरवणुकीत निघते. त्यात कितीही मोजून हवा भरा, रबराचं लाकूड झालेलं आहे.

लडाखला निघालेल्या भाचेमंडळींनी विचारलं होतं म्हणून तेही लिहितो, शिवाय यात भूगोल आहे. काटा टायरातली हवा आणि बाहेरची हवा यांतला फरक दाखवतो. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशच. त्यामुळे साताऱ्यात भरलेली हवा तिथे चार पाउंड जास्त दिसायला हवी. पण साताऱ्यात २५ अंश आणि लेहला पहाटे ५, त्याने तीन पाउंड उतरतात. दोन्ही हिशेब जवळजवळ फिटतात. तरी मोजा, कारण दुपारी ऊन कडक पडतं. आणि सामान बांधलं असेल तर ते डबलसीटच समजा.

मोजायचं कशाने? पंपावरच्या काट्याने नको. आमच्या गावातल्या दोन पंपांवर एकाच टायराचा आकडा चार पाउंडांनी वेगळा येतो. स्वतःचं गेज घ्या, चार-पाचशे रुपयांत येतं, पेनाएवढं. ते थोडं चुकीचं असलं तरी रोज सारखंच चुकतं, त्यामुळे कमी-जास्त कळतं. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी काढण्याआधी. सकाळी दोन पाउंड कमी भरले आणि पंप तीन किलोमीटरवर असेल, तर तिथे जो आकडा दिसेल त्यात दोन वाढवायचे, संपलं.

गणपतीला तुम्ही सगळे येणारच आहात. या वेळी गाड्या अंगणात उन्हात न लावता सोप्याखाली लावा. माझं गेज दाराशेजारच्या खुंटीला असतं आणि पायपंप जिन्याखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, चहाच्या आधी, मी एकेक गाडी बघणार आहे. चेनकव्हरवरचं वाघाचं चित्र तोवर खरवडून ठेवा, आणि गाडीचं पुस्तक बरोबर आणा. डबलसीट येणार असाल तर निघतानाच मागची हवा वाढवून या.